बिल नको, वाटा द्या

बाजारातल्या कोंबडीवरचा मराठी माणसाचा विश्वास केव्हाच उडाला. तिला इंजेक्शनं देतात, पनीर बनावट असतं, कलिंगडात रंग भरतात, हे त्याला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर कळतं. ब्रेडच्या पाकिटावरची तारीख तो चष्मा कपाळावर सरकवून वाचतो. हाच माणूस सुट्टीत गावी जातो. रात्री मागच्या दाराने काळी पिशवी येते आणि त्याच्या साऱ्या शंका एका क्षणात फिटतात. जनावर कुठलं, मेलं कधी, कशाने मेलं, कापलं कुठे? चकार शब्द नाही. ‘रानातलं आहे’ म्हटलं की झालं. त्यापुढे सरकारी शिक्का फिका.

रानडुकराबद्दल तर त्याचा समज असा की ते कंदमुळं खाऊन तप करत असतं. डुक्कर कंद खातं, हे खरंच. भाताची लोंबी, काजूची बोंडं, गावाबाहेरचा कचरा आणि वाटेत सापडलेलं मेलेलं जनावरही खातं. या शेवटच्या पदार्थातून त्रिचिनेला नावाची अळी त्याच्या स्नायूंत घर करू शकते आणि तिथून आपल्या. पण ‘सागुती’ म्हटल्यावर अळीबिळीचा विषय काढणं म्हणजे लग्नात मयताची गोष्ट सांगणं.

अमेरिकेत २०२२ साली दक्षिण डकोटात एका कुटुंबाने स्नेहभोजन केलं. कॅनडातून मारून आणलेल्या काळ्या अस्वलाचं मांस, तेही ४५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं. पण रानटी प्राण्यांतल्या काही त्रिचिनेला गोठवूनही मरत नाहीत. मांसाचा रंग मुळात गडद, त्यामुळे ते शिजलंय की कच्चं आहे हे कळेना. सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता. त्यासोबत शिजवलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. हे वाचल्यावर मला प्रत्येक घरातली ती मावशी आठवली, जी म्हणते, ‘मला तुकडे नकोत गं, नुसता रस्सा वाढ.’

आपला रस्सा तासभर रटरटतो, हे मान्य. अळी त्यात टिकत नाही. भीती वाटते ती नदीकाठच्या पार्टीची. तिथे मांसाची फोड निखाऱ्यावर पडते, पहिला पेला रिकामा व्हायच्या आत ‘झाली रे’ असा पुकारा होतो आणि ती झाली की नाही हे मोबाइलच्या उजेडात ठरतं. शिकारीचं मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापलं पाहिजे, असं जाणकार सांगतात. आपल्या घरात थर्मामीटर एकच, आणि तोही काखेतला.

जनावर मेलं कशाने, याचीही चौकशी नसते. फासकीत अडकून ते रात्रभर तडफडलेलं असतं, नाहीतर गावठी बॉम्बने त्याचा जबडा उडालेला असतो. ठासणीच्या बंदुकीने मारलं असेल तर छरा दाताखाली येतो आणि पाहुणा कौतुकाने तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो: अस्सल मालाचा पुरावा! शिशाचे जे बारीक कण दाताखाली येत नाहीत, ते पुराव्यासकट पोटात जातात. (पिकात डुकरं घुसतात, हे शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. पण वाट्यासाठी मुंबईहून गाडी काढणाऱ्याचं कुठलं पीक गेलं?)

गोव्यात पहिला पाऊस पडला की बेडकाला ‘जंपिंग चिकन’ म्हणतात. रात्री बॅटरीच्या झोतात दिपलेला बेडूक पोत्यात जातो. बेडूक राहतो शेताच्या पाण्यात आणि खातो किडे, म्हणजे ज्यांच्यावर औषध फवारलं तेच. सेंद्रिय भाजीला दुप्पट पैसे मोजणारे लोक हा फवारा तळून खातात. परदेशी जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्या आपण १९८७ साली बंद केल्या, कारण शेतातले किडे खायला कुणी उरेना. आता तो माल घरीच खपतो. यालाच आत्मनिर्भरता म्हणत असावेत.

सर्वांत धीराचे ते औषध म्हणून खाणारे. साळिंदर दम्यावर, घोरपड कंबरेवर. खवले मांजराचे खवले तर म्हणे कशावरही चालतात. ते केराटिनचे असतात, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे. तेव्हा ज्याला गुण हवा त्याने नेलकटर घेऊन बसावं. घोरपड मात्र कंबरेला खरोखर लागू पडू शकते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. गुन्हा शाबित झाला तर किमान तीन वर्षं. कडक फरशीवर झोपल्याने पाठ सरळ होते, असं जुनी माणसं सांगतातच.

या व्यवहारात बिल नाही, त्यामुळे ग्राहक मंचही नाही. पण खरी पंचाईत होते ती दवाखान्यात. ताप आहे, अंग ठणकतंय, पापण्या सुजल्यात. डॉक्टर विचारतात, ‘गेल्या महिन्यात बाहेरचं, वेगळं काही खाल्लं होतं?’ पेशंट बायकोकडे बघतो, बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

‘काही नाही हो डॉक्टर, वरण-भात.’

डॉक्टर मान हलवतात आणि तापाची गोळी लिहून देतात. बाहेरच्या बाकावर सुजल्या पापण्यांचे आणखी चौघे बसलेले असतात. वरण-भात त्यांनीही खाल्लेला असतो, त्याच रात्री, त्याच नदीकाठी.