घरगुती सामायिक डिस्क : बिघाडशोधनाचे शास्त्र

सदर मार्गदर्शन ज्या घरात दोन किंवा अधिक लिनक्स कॉम्प्युटर आणि एक नवरा आहे, अशा घरांसाठी आहे. नवरा नसल्यास मेहुणा किंवा कॉलेजात जाणारा भाचा चालेल. मात्र विंडोज वापरणाऱ्यांची कीव येते, असं त्याने पाहुण्यांसमोर निदान एकदा म्हटलेलं असावं.

नियम पहिला. डिस्क दिसेनाशी झाली की तज्ज्ञाला सांगू नये. सांगितल्यास तो कर्नेलची आवृत्ती तपासतो, कपाळाला आठ्या घालतो आणि जेवणं व्हायच्या आत सर्व्हर नव्याने इन्स्टॉल करायला काढतो. आपण गुपचूप आतल्या खोलीत जाऊन सर्व्हर, म्हणजे डिस्क ज्याला जोडली आहे तो कॉम्प्युटर, जागा आहे का, एवढं बघून यावं. बहुधा झोपलेला असतो. (कॉम्प्युटर. दिवाणावर असतात ते हे.)

नियम दुसरा. जागा असेल तर पिंग करावं. उत्तर नाही आलं तर आपला लॅपटॉप राउटरच्या गेस्ट नेटवर्कला चिकटलाय का ते पाहावं. तिथे इंटरनेट मिळतं, घरातली माणसं भेटत नाहीत. उत्तर आलं तरी डिस्क उघडत नसेल, तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये 2049 क्रमांकाचं पोर्ट मोकळं आहे का बघावं.

नियम तिसरा, आणि हा नीट वाचावा. ही डिस्क घरभर वाटली जाते ती एनएफएसमार्फत. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली एनएफएस तयार केलं. साध्या मांडणीत ते माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतं. उबुंटूत कॉम्प्युटरवरच्या पहिल्या खात्याला 1000 हा क्रमांक मिळतो. यांच्या कॉम्प्युटरवर पहिलं खातं यांचं, सासूबाईंच्या कॉम्प्युटरवर सासूबाईंचं. म्हणजे एनएफएसच्या लेखी हे आणि सासूबाई एकच व्यक्ती. मला हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं. माझं खातं दुसरं, म्हणून मी 1001, आणि माझ्याच पाककृतींच्या फोल्डरात मला लिहायला मनाई. उपाय : प्रत्येक माणसाला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच क्रमांक द्यावा. 'यूजरमॉड'ने तो बदलता येतो, पण होम फोल्डरबाहेरच्या जुन्या फायलींची मालकी हाताने बदलावी लागते. सूडो लावून दादागिरी करू नये. रूट म्हणून गेलात तर सर्व्हर तुमची नोंद 'नोबडी' अशी करतो. यांना ते फार लागतं. मी विंडोजच्या पद्धतीने डिस्क वाटणारा सांबा सुचवला होता, तो निदान नाव-पासवर्ड तरी विचारतो. पण लिनक्स-लिनक्समध्ये सांबा म्हणजे यांना कमीपणा.

नियम चौथा. एक्स्पोर्ट्सच्या फायलीत पत्ता आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडू नये. सोडलीत तर लिहायची मुभा त्या पत्त्याला मिळत नाही, बाकी सगळ्या जगाला मिळते.

नियम पाचवा. सर्व्हर बंद पडला तरी क्लायंट आशा सोडत नाही. पाहुणा आल्याशिवाय पहिला घास न घेणाऱ्या यजमानासारखा ताटकळत बसतो. 'एलएस' अडकतं, 'डीएफ' अडकतं, फाइल मॅनेजर पांढराफटक पडतो. अशा वेळी 'यूमाउंट' वजा एल लावून सोडवणूक करावी. 'सॉफ्ट' पर्यायाचा मोह टाळावा. लिहिता लिहिता वेळ संपली तर फाइल मुकाट्याने बिघडू शकते. त्यापेक्षा एफएसटॅबमध्ये 'नोफेल' आणि सिस्टमडीचं 'ऑटोमाउंट' टाकावं. मग डिस्क लागेल तेव्हाच जोडली जाते आणि सर्व्हर झोपला म्हणून सकाळी लॅपटॉप सुरू व्हायचा खोळंबत नाही.

एवढा जाच सोसला की लेकाच्या बारशापासूनचे फोटो घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात आणि त्यासाठी दरमहा कुणाला भाडं द्यावं लागत नाही, हे मान्य करायला हवं. सासूबाईंची भजनंही तिथेच आहेत, आणि त्या कुणालाही न विचारता लावतात.

फक्त, अहो, हे वाचत असाल तर : राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवायचं तेवढं राहिलंय. आणि दुसरी डिस्क आणा. सगळं एकाच डिस्कवर आहे, त्याला बॅकअप म्हणत नाहीत.