कर्णाची वकिली

आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कर्णावरची कादंबरी १९६७ साली आली आणि कर्णाला घरोघरी वकील मिळाले. हल्ली तर तो अस्तित्ववादीही झालाय: निवड केली, किंमत मोजली, बस्स. भर सभेत द्रौपदीला वेश्या ठरवून तिची वस्त्रं उतरवायला सांगणारा महाभारतातला कर्ण मात्र या तत्त्वज्ञानात नेमका गैरहजर. ‘कादंबरीकाराला स्वातंत्र्य असतंच की!’ असतं, पण त्यामुळे वाचकाला सूट मिळत नाही. ‘मृत्युंजय’मध्ये सहा जण बोलतात, त्यांत द्रौपदी नाही. खांडेकरांनी ‘ययाति’त देवयानी-शर्मिष्ठेलाही बोलू दिलं, म्हणून त्या राजाचं वकीलपत्र घ्यायला फारसं कुणी धजावत नाही. आणि कर्णात अस्तित्ववाद शोधणारे आपण, व्हिडिओ गेममधल्या खुनशी नायकात नीत्शे शोधणाऱ्या पोरांना हसतो. त्यांनी निदान बटण तरी स्वतः दाबलेलं असतं.