भाऊसाहेबांचं पोट

पोट बिघडलं की माणूस आडवा होतो. मासा उलटा होतो, हे ज्ञान मला भाऊसाहेबांनी दिलं.

भाऊसाहेब म्हणजे आमचा गोल्डफिश. जात ओरांडा. डोक्यावर लाल मांसल टोप, खाली उकडीच्या मोदकासारखं अंग, आणि तोंडाची अखंड उघडझाप, म्हणजे आता अध्यक्षीय भाषण सुरू होणार! म्हणून कन्येने हे नाव ठेवलं. चीनमध्ये साध्या लांबट माशांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून असले गोलमटोल मासे घडवले गेले. दिसायला गोजिरे, पण त्या आखूड अंगात आतडी आणि हवेची पिशवी एकमेकांना खेटून कोंबलेली. आतडी तुंबली की पिशवी दबते आणि धन्याचा तोल जातो. त्यात आम्ही तरंगणारं कोरडं खाद्य टाकायचो आणि भाऊसाहेब ते हवेसकट गिळायचे. परिणामी एका सकाळी ते पोट वर करून तरंगताना दिसले. मी हंबरडा फोडणार, तेवढ्यात त्यांनी तोंड उघडलं.

जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “आम्ही चार पायांचेच पेशंट बघतो.” मासे विकणाऱ्या दुकानदाराने तर सरळ सल्ला दिला, “साहेब, दीडशेला नवा मिळेल. औषधाला अडीचशे जातील.” हिशोब बिनतोड होता. पण तोच लावायचा तर माझी औषधं घरच्यांनी केव्हाच बंद करायला हवी होती.

निदान शेवटी आईने केलं. “वारा धरलाय. बेंबीभोवती हिंग लाव.” मी हिंग कालवला, चष्मा पुसला आणि काचेला नाक लावून बराच वेळ बेंबी शोधत बसलो. शेवटी कन्या म्हणाली, “बाबा, तो अंड्यातून आलाय.” वर हेही सांगितलं, की गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. म्हणजे ज्याचं पोट बिघडलं म्हणून मी रजा टाकली होती, त्याला पोटच नव्हतं.

खरा उपाय साधा असतो. दोन-तीन दिवस उपास, मग सोललेला वाफवलेला मटार, आणि पाणी स्वच्छ. “उपासाला साबुदाणा चालेल का?” बायकोने अत्यंत गंभीरपणे विचारलं. उपास भाऊसाहेबांचा, पण मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आलो की ते उलट्या अवस्थेतच काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे ती नजर हटतच नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून चोरून जेवू लागलो.

पाण्याची तऱ्हा निराळीच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते उघड्या बादलीत २४ तास ठेवायचं. मी रात्री बादली भरून ठेवायचो आणि सकाळी कामाच्या मावशी त्याच पाण्याने फरशी पुसून मोकळ्या व्हायच्या. भाऊसाहेबांचं माहीत नाही, आमच्या फरशीला मात्र क्लोरीनचा काडीचा त्रास झाला नाही.

दुकानदाराने जाता जाता मिथिलीन ब्लूची बाटलीही गळ्यात मारली होती. हे औषध बुरशीवरचं, बद्धकोष्ठाशी त्याचा संबंध नाही, ही माहिती झाकण हिसडा देऊन उघडल्यावर वाचली. टाकीत पडलं असतं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले असते. सुदैवाने ते माझ्यावर पडलं. १८७६ साली जर्मनीत हा पदार्थ मुळात कापड रंगवायला तयार झाला होता, आणि माझ्या बनियनवर त्याने ते मूळ काम चोख बजावलं. बेसिन निळं, नॅपकिन निळा. माझे हात बघून सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, “दहाही बोटांनी मतदान केलंत?”

मग एप्सम सॉल्ट. वेगळ्या पाण्यात ते विरघळवून माशाला थोडा वेळ डुंबवायचं, म्हणजे आतडी सैलावतात. माणसंही ते रेचक म्हणून घेतात, हे केमिस्टला माहीत होतं आणि मला नव्हतं. “किती दिवस झाले, काका?” त्याने गर्दीत खड्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, “माझ्यासाठी नाही, भाऊसाहेबांसाठी.” “वय काय त्यांचं?” “दीड वर्ष.” तो माझ्याकडे बघतच राहिला.

मटार सोलणं हे कौशल्याचं काम. वाफवलेला मटार चिमटीत दाबला की साल बोटांत राहतं आणि दाणा सुटतो, तो थेट सासऱ्यांच्या फोटोवर. फोटो पुसून दुसरा घेतला, कुस्करला, पाण्यात सोडला. गोल्डफिशचे दात घशात असतात. भाऊसाहेबांनी तो तुकडा आत ओढला, थोडा वेळ चघळला आणि थुंकला. परत घेतला, परत थुंकला. इतकी चिकित्सा त्यांनी तरंगणाऱ्या खाद्याबद्दल केली असती तर!

पण दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब सरळ पोहत होते आणि मागे एक लांबलचक हिरवा दोरा लोंबत होता. तो बघायला आईसुद्धा देवपूजा सोडून आली.

त्याच आनंदात भाजी आणायला निघालो, तर केमिस्टने रांगेवरून हाक मारली, “काका, झालं का मोकळं?”

“आज सकाळीच!” मी ओरडलो. “चांगलं दोन इंच! अजून लोंबतंय मागे!”

रांगेतल्या लोकांनी मला जायला भरपूर वाट करून दिली.