मारेगाव, मालेगाव नव्हे

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, आमचा फ्रीज बंद पडला. आतला दिवा लागत होता, पण मशीन काही सुरू होईना. दर चार-पाच मिनिटांनी मागून नुसती एक ‘टिक्’ ऐकू यायची. दूध नासले तर नासले, भाजी शेजारीपाजारी वाटून टाकता येते. पण दाराच्या कप्प्यात आईच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या दोन कुप्या होत्या. त्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात, आणि आमच्याकडे त्या दिवसांत बाहेर 44 अंश होते. घरातली भिंतसुद्धा हाताला गरम लागते, हे विदर्भात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मी माठातले पाणी अर्धे काढले, स्टीलच्या डब्यात कुप्या ठेवून डबा माठात तरंगत ठेवला आणि माठाला ओले गोणपाट गुंडाळले. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. फ्रीजची हमी अजून चालू होती, पावती हाताशी होती. पंधरा मिनिटांचे काम, असे मला वाटले.

मराठीसाठी तीन दाबा, म्हणून तीन दाबले. यंत्रातली बाई म्हणाली, आपल्या शहराचे नाव सांगा. मी सांगितले, मारेगाव. ती म्हणाली, आपण मालेगाव म्हणालात, बरोबर असल्यास एक दाबा. मी दोन दाबले आणि सावकाश, तोंड फोनजवळ नेऊन, पुन्हा म्हटले. पुन्हा मालेगाव. तिसऱ्या वेळी तिने माझा फोन एका माणसाकडे दिला आणि तो हिंदीत बोलू लागला. मराठीसाठी तीन दाबून हिंदी का यावी, हा प्रश्न मी त्या दिवशी गिळला, कारण माठाकडे माझे लक्ष होते. तो म्हणाला, “मैडम, मालेगाव, नासिक?” मी म्हटले, नाही भाऊ, मारेगाव, जिल्हा यवतमाळ. म ला काना, मग र ला मात्रा. तो म्हणाला, हो, लिहिले.

र आणि ल हे वर्णमालेत शेजारी बसतात, दोन्ही अंतःस्थ. जुन्या पद्धतीच्या फोनवर आवाजाचा 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचतो, बाकीचा गाळला जातो, त्यामुळे जवळची अक्षरे आणखी जवळ येतात. ऐकण्यात चूक होऊ शकते, हे मला कळते. शिवाय मालेगावे पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्यातले मोठे, यंत्रमागांचे. वाशीम जिल्ह्यात एक, ते तर आमच्या विदर्भातलेच. बारामतीकडे साखर कारखान्याचे एक. मारेगाव या सगळ्यांपुढे लहान आहे. पण लहान असले तरी ते तालुक्याचे ठिकाण आहे. करंजीहून वणीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, मार्डी-कुंभ्याकडची माणसे कामासाठी इथेच येतात, आणि आजूबाजूच्या रानांतला कापूस कुठे कुठे जाऊन कापड होतो. ज्या गावात आपण फ्रीज विकला त्याचे नाव कंपनीला नीट घेता यावे, एवढी माझी अपेक्षा होती.

म्हणून मी त्याला पिनकोड सांगितला, 445303. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून देशात आहे, आणि तो आला तोच या अडचणीसाठी: एका नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिपी, न लागणारे पत्ते. पहिले तीन आकडे पाहिले की गाव कोणत्या भागातले ते कळते. 445 म्हणजे यवतमाळ. 423 म्हणजे मालेगावकडचा भाग. टपाल खात्याने पन्नास वर्षांपूर्वी सोडवलेले कोडे आहे हे. त्या माणसाने आकडा लिहूनही घेतला, तसे तो म्हणाला. पण त्याच्यापुढच्या पडद्यावर गावाचे नाव आधीच ठरलेले असावे आणि आकड्याने ते बदलत नसावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश आला: तंत्रज्ञ 10 ते 2 या वेळात येईल. मी शाळेत रजा टाकली. आई खुर्ची घेऊन दारात बसली. बारा वाजता म्हणाली, “काऊन वं, अजून नाई आला?” दोन वाजता फोन वाजला. पलीकडचा माणूस विचारत होता, ताई, तुमची गल्ली सापडत नाही, मशिदीच्या डाव्या हाताला का उजव्या? तो मालेगावात उभा होता. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी आमच्यापासून जवळपास साडेचारशे किलोमीटरवर. त्या माणसाचीही दुपार उन्हात गेली, याचे मला अजून वाईट वाटते. त्याने अदबीने फोन ठेवला. सहा वाजता संदेश आला: ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

आई दारात होती. मी दारात होते. आमचा कुत्रा शेरूसुद्धा दारात होता. ‘उपलब्ध नसल्याने’ हा शब्द मला फार लागला. उशीर झाला असता तर मी समजून घेतले असते. पण आपण घरात बसून वाट पाहायची आणि कुणीतरी लिहून टाकायचे की घरी कोणी नव्हते, आणि त्यावर सहीसुद्धा नाही, हे अपमानाचे आहे. अशा तीन तक्रारी झाल्या. तिन्हींना वेगळे क्रमांक मिळाले, तिन्ही बंद झाल्या.

न विचारता बंद करण्याची ही सवय फक्त कंपन्यांना नाही, म्हणून इथे थोडे राजकारण सांगते. आमचा जिल्हा यवतमाळ, पण वणी विधानसभा मतदारसंघ, ज्यात मारेगाव येते, तो लोकसभेला चंद्रपूरशी जोडलेला आहे. जिल्हाधिकारी एका गावी, खासदाराचे नाव दुसऱ्या जिल्ह्याचे. याचीही सवय झाली होती. 30 मे 2023 रोजी आमचे खासदार बाळू धानोरकर वारले. कायदा म्हणतो की जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर ही अट नाही. त्या लोकसभेची मुदत 16 जून 2024 पर्यंत होती. म्हणजे एक वर्ष आणि वर दोन आठवडे उरले होते. निवडणूक झाली नाही. पुण्याची जागाही तशीच रिकामी होती, तिथले लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये निवडणूक घ्या म्हणून सांगितले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि 19 एप्रिल 2024 ला आम्ही थेट सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले. त्या वर्षभरात कापसाचे भाव पडले तरी दिल्लीत आमच्याकडून बोलणारे कोणी नव्हते. निवडून येणाऱ्याला थोडेच दिवस मिळतील, असे कारण तेव्हा पुढे आले. आम्हाला कोणी विचारले नाही की थोडे दिवस चालतील का. मला चालले असते. चार महिने बोलणारा माणूससुद्धा, मुळीच कोणी नसण्यापेक्षा बरा.

आणि त्या एप्रिलमध्ये जे आले ते भोंगे आले. दिवसभर गल्लीतून गाड्या, प्रत्येक गाडीवर दोन-दोन कर्णे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून आहेत. वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. रात्रीचा नियम बऱ्यापैकी पाळला गेला, दिवसाचा कुणाला आठवतही नव्हता. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. शेरू गाडी वळणावर असतानाच दिवाणाखाली शिरायचा आणि गाडी गेल्यावरही तासभर बाहेर यायचा नाही. पाणी प्यायचा नाही. एकदा भेदरून कुंपणाची जाळी तोडून पळाला आणि रात्री पऱ्हाट्यांच्या ढिगामागे सापडला, पंजा रक्ताळलेला. मी त्या गाडीवाल्याला हात दाखवून थांबवले होते. म्हटले, भाऊ, आवाज थोडा कमी कर, घरात जनावर घाबरते. त्याने ऐकले नाही. मी काय म्हणते ते त्याला कर्ण्यापुढे ऐकूच गेले नसेल.

शेरूबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तो गावठी कुत्रा आहे, पिलू असताना बसथांब्याजवळ सापडला. दरवर्षी त्याला रेबीजची लस देते, कारण आपल्या दारातल्या जनावराने दुसऱ्याच्या लेकराला धोका होऊ नये ही जबाबदारी आपली असते. शेजाऱ्यांच्या मुलाचे नाव शिरू आहे. त्याची आई त्याला जेवायला हाक मारते तेव्हा शेरू कान टवकारतो, पण उठत नाही. मी चार घरांपलीकडून ‘शेरू’ म्हटले की तो धावत येतो. ए आणि इ मधला फरक त्याला वाऱ्यातून कळतो, कारण ते नाव त्याचे आहे आणि हाक मारणाऱ्याचा त्याला लळा आहे. लक्ष देऊन ऐकले की अक्षरे ऐकू येतात.

फ्रीज बंद पडल्याच्या चौथ्या दिवशी मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांनी तो भिंतीवर लिहून ठेवावा. तिथल्या मुलीने गावाचे नाव विचारले, मी सांगितले, तिने ते परत म्हणून दाखवले: मारेगाव. मला रडू आले, हे खरे आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कही नाही. पावती, तिन्ही तक्रारींचे क्रमांक आणि बंद केल्याचे संदेश, सगळे मी तारखेसह एका कागदावर लिहिले आणि त्याची प्रत कंपनीला पाठवली. कागदावर गावाचे नाव तीनदा लिहिले, पिनकोडखाली रेघ मारली.

त्यानंतर दोन दिवसांनी वणीहून एका मुलाचा फोन आला. वीसेक किलोमीटर अंतर, आणि मधे सहा दिवस गेले होते. तो म्हणाला, “ताई, मारेगाव नं? पेट्रोल पंपाच्या पुढे का अलीकडे?” मी म्हटले, अलीकडे. तो मोटरसायकलवर आला, तोंडाला दुपट्टा बांधून, पाठीवर पिशवी. फ्रीजमागचे झाकण काढले, एक बोटभर डबी बाहेर काढून हलवली. आतून खुळखुळ आवाज आला. रिले गेली होती. कमी दाबाच्या विजेने जाते म्हणे, उन्हाळ्यात रोज दोन-तीन पाहतो. नवी लावायला त्याला दहा मिनिटे लागली.

मशीन सुरू झाल्याची घरघर ऐकून शेरू दिवाणाखालून अर्धा बाहेर आला. आईने त्या मुलाला पाणी दिले, मग ताक दिले, मग विचारले, जेवला का रे बाबू. तो जेवला नव्हता. माठातल्या कुप्या मी फेकून दिल्या होत्या, पाणी कोमट झाले होते आणि मला त्यांचा भरवसा उरला नव्हता; औषधाच्या दुकानातून नव्या आणल्या होत्या आणि त्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये होत्या. संध्याकाळी गारवा धरल्यावर आई स्वतः जाऊन त्या घेऊन आली, पदरात गुंडाळून, आणि दाराच्या त्याच कप्प्यात ठेवल्या.