गुढीपाडव्याला पझेशन

वाकड, पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यात ज्या फ्लॅटची चावी भाऊंकडे नाही, त्या फ्लॅटला बहुधा दारच नसावं. भाऊ म्हणजे आमच्या सोसायटीतले इस्टेट एजंट. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. त्यांच्या चाव्यांचा जुडगा बघण्यासारखा असतो. प्रत्येक चावीला पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं 'बी ७०४, मालक दुबई' किंवा 'ए ११०२, फक्त फॅमिली'. वजनकाट्यावर चढण्याआधी भाऊ हा जुडगा बाजूला ठेवतात. मग दोन मोबाइल, पॉवर बँक, पट्टा, बूट. मग जो आकडा दिसतो त्याला ते 'कार्पेट' म्हणतात.

"रेरा आल्यापासून कार्पेटच बोलायचं. बाकी सगळं लोडिंग."

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा लागू झाला आणि जिना, लॉबी, लिफ्ट यांचा हिस्सा घुसडून सुपर बिल्ट-अपचा फुगलेला आकडा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं अवघड होऊन बसलं. भाऊंनी हा कायदा मनापासून स्वीकारला. गिऱ्हाइकाला ते एक फूट वाढवून सांगणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, हे विचारायच्या आधी सांगतात. मागच्या नाल्याचा वास पावसाळ्यात कुठल्या खोलीपर्यंत येतो, तेही सांगतात. हा माणूस दुसऱ्याच्या घराबद्दल इतकं खरं बोलतो की स्वतःच्या पोटाबद्दल बोलायला त्याच्याकडे खरं शिल्लकच राहत नसावं. कारण सगळं उतरवूनही काट्यावर शहाण्णव दिसलं, की भाऊ "आत्ताच जेवलोय" म्हणून त्यातला आणखी एक किलो वजा करतात.

डॉक्टरांनी टेप लावला तेव्हा मी सोबत होतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असं वैद्यकशास्त्र म्हणतं. भाऊंची एकशे नऊ भरली. डॉक्टर म्हणाले, पंधरा किलो उतरवा. दुसरा कोणी असता तर मान खाली घालून ऐकलं असतं. भाऊंनी खुर्ची पुढे ओढली.

"सांगायचा भाव राहू दे डॉक्टर. फायनल किती?"

"पंधराच."

"पार्टी जेन्युइन आहे. सहा धरा."

"अहो, ही काय बैठक आहे का?"

"बैठकच आहे. तुम्ही थोडं खाली या, मी थोडं वर येतो."

डॉक्टरांचा टू बीएचके भाऊंनीच करून दिला होता. त्या व्यवहारात मालकाला दोन लाख खाली आणलेलं त्यांना आठवलं असावं, कारण ते शेवटी दहावर आले. भाऊंनी लगेच हातात हात दिला. टोकन म्हणून एक किलो या महिन्यात, बाकीचे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे आणि पझेशन गुढीपाडव्याला. कुठल्या वर्षीच्या, ते त्या घाईत ठरवायचं राहून गेलं. रेरात ताबा लांबला तर बिल्डरला व्याज भरावं लागतं. भाऊंचाही लांबला. व्याज कमरेवर चढलं.

मुहूर्त हीच त्यांची मोठी अडचण. पाडवा, अक्षय तृतीया आणि दसरा म्हणजे बुकिंगचे दिवस. त्या दिवसांत जेवायला सवड नसते, पण पेढ्यांना असते. पितृपक्षात बाजार थंड असतो, कोणी टोकन देत नाही, फोन वाजत नाहीत. मी म्हटलं, हीच वेळ आहे, करा सुरू. भाऊंनी माझ्याकडे अत्यंत दयेनं पाहिलं. "पितृपक्षात कोणी चांगल्या कामाला हात घालतं का?"

पेढ्यांबाबत त्यांचं तत्त्व पक्कं आहे. विक्रीच्या घराचं कमिशन ते दोन्ही बाजूंकडून घेतात. मग पेढा एकाच बाजूचा खाणं बेइमानी ठरेल. घेणाऱ्याचा खाल्ला आणि देणाऱ्याचा नाकारला, तर देणाऱ्याला वाटायचं की भाव पाडण्यात याचा हात होता. त्यामुळे दोन. मग इंडेक्स टू हातात आल्यावर पुन्हा दोन. आणि वास्तुशांतीला तर पंगतच.

मध्यंतरी ते दीक्षित डाएटवर होते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उभी केलेली ही पद्धत महाराष्ट्रात घराघरात पोचली आहे. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं. मधल्या वेळात काही नाही. भाऊंनी मोबाइलवर गजर लावला आणि पहिला घास घेतला. फोन आला. हिंजवडीचे दोन बॅचलर, वन बीएचके, सेमी फर्निश्ड, आजच बघायचाय. बोलण्यात बारा मिनिटं गेली. दुसरा घास, दुसरा फोन. गजर वाजला तेव्हा ताटातली आमटी निवली होती आणि भाऊंची दीड पोळी झाली होती. वहिनी ताट उचलायला आल्या. भाऊंनी ताट धरून ठेवलं.

"पंचावन्न मिनिटं कार्पेट धरायची. फोन म्हणजे कॉमन एरिया."

अशा रीतीनं त्यांचं दुपारचं जेवण चारच्या सुमाराला सुरू होऊन दिवे लागेपर्यंत चालू लागलं. वहिनींनी मग कंटाळून ऋजुता दिवेकरांचं पुस्तक आणलं. थोडं थोडं, वेळच्या वेळी खा आणि घरचं खा, असा त्यांचा सल्ला. भाऊंनी त्यातलं 'थोडं थोडं' तेवढं उचललं. वेळ आणि घर, या दोन गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या.

लोक इथे हसतात. मीही हसतो. पण भाऊंनी फोन उचलला नाही तर काय होतं, ते बघा. तोच बी ७०४ आणखी आठ एजंटांकडे असतो. मालकानं सगळ्यांना एकच निरोप टाकलेला असतो. गिऱ्हाईकही तिघा-चौघांना विचारून बसलेलं असतं. फ्लॅट तोच, भाडं तेच, फोटोसुद्धा तेच. म्हणजे पहिल्या रिंगला जो "बोला सर" म्हणेल त्याचं काम झालं आणि एका महिन्याचं भाडं त्याच्या खिशात गेलं. त्या एका 'बोला सर'वर घरचा किराणा असतो, कारण विक्रीचा व्यवहार महिनोन्‌महिने लटकू शकतो आणि ऐन टोकनच्या दिवशी मुलाच्या सासऱ्याला दरवाजा दक्षिणेला दिसू शकतो. अशा माणसानं फोन सायलेंटवर टाकून शांतपणे बत्तीस वेळा घास चावावा, असं त्याला सांगायला मी तरी जाणार नाही.

व्यायामाचं म्हणाल तर भाऊंइतक्या जिममध्ये जाणारा माणूस पुणे परिसरात दुसरा नसेल. प्रत्येक नव्या सोसायटीचं क्लब हाउस ते गिऱ्हाइकाला दाखवतातच. ट्रेडमिलवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नसतं, पण भाऊ त्यावर चढून हँडल धरतात. "मॅडम, सकाळी इथे उभं राहिलं की समोर डोंगर." मॅडमना डोंगर दिसतो, भाऊंना पुढची अपॉइंटमेंट. उतरतात.

मनगटावरचं घड्याळ मात्र पावलं मोजत असतं. दहा हजारांचं हे लक्ष्य कुठल्या डॉक्टरनं नव्हे, १९६५ मध्ये एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या नावानं रूढ केलं, हे मी भाऊंना सांगितलं, तेव्हा ते भारावले. "म्हणजे ब्रोशरच की!" त्या दिवसापासून त्या आकड्याबद्दल त्यांना आपुलकी वाटू लागली. एका सकाळी ते खरंच चालायला निघाले. जाहिरातीत त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. तेवढं जाऊन यायचं ठरलं. पाऊण तासानं त्यांनी मला फोन केला. ते अजून जातच होते. घरी पोचल्यावर त्यांनी ती ओळ बदलली. 'गाडीनं' हा शब्द घातला.

भाऊ का खातात, याचा मी बराच विचार केला आहे. भुकेनं ते खात नाहीत. ते वाट बघतात. "भाऊ, निघालोय, पाचच मिनिटांत पोचतो," असं गिऱ्हाईक हिंजवडीहून सांगतं आणि तास-सव्वा तासानं उगवतं. तोवर भाऊ सोसायटीच्या गेटवर उभे. गेटच्या आत सिक्युरिटी बसू देत नाही. गेटच्या बाहेर वडापावची गाडी असते, शेजारी अमृततुल्य आणि तिथे बरणीत क्रीमरोल. नोंदणीच्या दिवशीही तीच गत. घेणारा, देणारा, साक्षीदार, सगळे अंगठा द्यायला तयार आणि सर्व्हर डाउन. दोन तास करायचं काय? कार्यालयाबाहेर भेळवाला असतो. भाऊ सगळ्यांना भेळ सांगतात आणि पार्टीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःही घेतात.

आजवर त्यांचं वजन एकदाच नीट उतरलं. त्या काळात त्यांनी कोथरूड-कर्वेनगरातल्या जुन्या सोसायट्यांची रीसेल कामं धरली होती. तीन मजली इमारती, लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरचे काका-काकू गुडघ्यांना कंटाळून घर विकायला काढतात आणि बघायला येणारे जिना बघून खालूनच परत फिरतात. भाऊ मात्र चावी घेऊन प्रत्येक वेळी वर. खिडक्या उघडायच्या, दिवे लावायचे, खाली यायचं, पुढची पार्टी आली की परत वर. व्यवहार एकही जमला नाही. पट्टा दोन भोकं आत गेला. वहिनी खूश होत्या, भाऊ खचले. मग ते वाकडला परतले, बावीस मजल्यांच्या आणि चार लिफ्टच्या टॉवरमध्ये पहिल्याच आठवड्यात काम झालं आणि पेढे आले.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाला घर बघायचं असेल, तर भाऊंना जरूर फोन करा. पहिल्या रिंगला उचलतील. जुनी इमारत मागा, तिसरा मजला मागा, लिफ्ट नको म्हणून सांगा. पसंत नाही पडलं तर घेऊ नका, भाऊ राग धरत नाहीत. फक्त दिलेल्या वेळेला पोचा.