लूटमास्तर

राक्षस मेला की बाकीच्यांचं काम संपतं. लूटमास्तरांचं तिथून सुरू होतं.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ 2004 साली आला. त्यातल्या 'मोल्टन कोअर' या रेडवर, म्हणजे सामूहिक मोहिमेवर, जायचं तर 40 जणांची फौज लागायची. एवढी माणसं एका गिल्डकडे, म्हणजे खेळाडूंच्या एका संघाकडे, असायचीच असं नाही, मग दोन-तीन छोट्या गिल्ड सोयरीक जुळवायच्या. मेलेल्या राक्षसाकडे सापडायच्या मात्र मोजक्याच वस्तू. त्या कुणाच्या पदरात टाकायच्या, हे ठरवतात ते आमचे लूटमास्तर.

मास्तर निःस्पृह. "मला काही नको, पण नियम म्हणजे नियम," हे त्यांचं पालुपद. नियम अर्थात तेच करतात आणि गरजेनुसार तेच आठवतात. गुणांची वही म्हणजे त्यांचा प्राण. 'डीकेपी', म्हणजे ड्रॅगन मारल्याचे गुण, ही पद्धत 'एव्हरक्वेस्ट' या आधीच्या ऑनलाइन खेळाच्या काळापासूनची: हजेरी लावा, गुण साठवा, ते मोजून वस्तू घ्या. एका गिल्डपुरतं हे ठीक चालतं. दोन गिल्ड एकत्र आल्या की "तुमचे शंभर म्हणजे आमचे किती?" इथून सुरुवात होते. मास्तर एक्सेल उघडतात. पुढचा राक्षस तिकडे ताटकळत उभा. इकडे विनिमयदर ठरतोय.

समोरच्या गिल्डचे गुण जास्त निघाले, तर मास्तरांचा एकाएकी नशिबावर विश्वास बसतो. "रोल करा! 1 ते 100, ज्याचा आकडा मोठा त्याची तलवार!" रोल हरले, तर लूट कौन्सिल बसते. त्यात दोन्हीकडचे दोन-दोन प्रतिनिधी आणि निर्णायक मत मास्तरांचं. "टँक मजबूत तर सगळे जिवंत," असं म्हणून तलवार सर्वानुमते टँकला, म्हणजे राक्षसाचे वार अंगावर घेणाऱ्या खेळाडूला, जाते. या युक्तिवादात तथ्य आहे. टँक मास्तरांचा मेहुणा आहे, हा योगायोग. मधेच कुणी हंटर, म्हणजे शिकारी झालेला खेळाडू, "मलाही ती तलवार चालते" म्हणतो. पण हंटरला कुठलं शस्त्र चालत नाही?

2018 मध्ये खेळाच्या कंपनीने मास्तरांचं हे पदच काढून घेतलं. ज्याची त्याची लूट संगणक ज्याला त्याला देऊ लागला. वशिला संपला, तरी लोक खूश नव्हतेच. कारण नको असलेली वस्तूसुद्धा शेजारच्या गरजूला बऱ्याचदा देता येईना. शिवाय संगणकाशी भांडायचं कसं? 2022 मध्ये रेडमध्ये पुन्हा गटाने रोल करायची पद्धत आली आणि भांडणं पूर्ववत झाली.

मास्तर लबाड असतील, पण मध्यरात्री सगळे झोपायला गेल्यावर हिशेब लिहीत बसणारे तेच असतात. म्हणून वाचकहो, एक सल्ला: संयुक्त रेडमध्ये कुणी "आज लूट कोण वाटणार?" असं विचारलं, की माइक बंद करा आणि नेट गेल्याचं सांगा.