परवा यायला हवं होतं

साताऱ्याच्या माणसाला एक वाक्य तोंडपाठ असतं. सप्टेंबरात पुण्या-मुंबईचे पाहुणे टपकतात, त्यांना कासच्या पठारावर न्यावं लागतं आणि तिथे काठी घेऊन उभा असलेला गावकरी पाहुण्यांच्या तोंडाकडेही न बघता सांगतो, ‘‘परवा यायला पाहिजे हुतं.’’ परवा म्हणे तेरड्यानं अख्खं पठार गुलाबी केलं होतं. गंमत अशी, की परवाही मी तिथेच होतो, दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन; आणि त्यांना यानंच सांगितलं होतं, ‘‘अजून आठ दिवसांनी या.’’

हा गुण कासच्या मातीतला, अशी माझी समजूत होती. २०२४ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका घाटात, गाडीत बसल्या बसल्या ती समजूत गळून पडली.

चिरंजीव न्यू जर्सीत एडिसनला असतात. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिकडे पोचलो आणि आमची झोप ठिकाणावर यायच्या आत त्यानं जाहीर केलं, ‘‘बाबा, यंदा तुम्हाला फॉल कलर्स दाखवायचेच. पण पीक गाठायला हवं.’’

मी उठून बसलो. चौतीस वर्षं तलाठी म्हणून काढल्यावर ‘पीक’ या शब्दाला शरीरच उत्तर देतं. ‘‘कसलं पीक? क्षेत्र किती?’’

‘‘तसं पीक नाही हो. झाडांची पानं लाल-पिवळी होतात ना, त्याचा कळस. दहा-बारा दिवस टिकतो. तो चुकला की संपलं.’’

कपाशीची पानं लाल झाली की आमच्याकडे त्याला लाल्या म्हणतात आणि शेतकरी पंचनाम्यासाठी तलाठ्याला शोधत येतो. इथे त्याच कामासाठी लोक रजा टाकतात, हॉटेलं धरतात आणि शेकडो मैल गाडी हाकतात. सरकारी नोकरीत असताना हे कळलं असतं तर बदली मागून घेतली असती.

सप्टेंबर उजाडला आणि घरात पीकपाहणी सुरू झाली. त्यासाठी चिरंजीवांकडे एक नकाशा होता. हिरवा म्हणजे अजून काही नाही, मग पिवळा, नारिंगी, लाल, आणि शेवटी तपकिरी, म्हणजे खेळ खलास. आपल्याकडे लोक सकाळी उठून सोन्याचा भाव बघतात, तसा तो चहा घेता घेता मेन राज्याची उत्तर सीमा बघायचा. हा रंग उत्तरेकडून दक्षिणेला आणि डोंगरमाथ्यावरून पायथ्याकडे उतरत येतो. म्हणजे आपला पाऊस केरळातून वर सरकतो त्याच्या नेमका उलटा. एवढं कळल्यावर मी नमुना बाराच्या धर्तीवर एक वही घातली.

दिवसभरात जाऊन येण्यासारख्या जागा एडिसनजवळ पुष्कळ होत्या. हडसनकाठचं बेअर माउंटन तास-दीड तासावर, डेलावेअर वॉटर गॅपही फार लांब नाही. घरून धपाटे बांधून घ्यायचे, दुपारी डोंगराखाली बसून खायचे आणि दिवेलागणीला परत. हीच सहल मला मनापासून पसंत होती. पण तिथे रंग भरतो ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि चिरंजीवांना रजा मिळत होती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, कोलंबस डेला. त्या आठवड्यात रंग असतो तो न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये, एडिसनहून साडेपाच ते सहा तासांवर.

‘‘पहाटे चारला निघू, रात्री बाराला परत,’’ असा पहिला बेत होता. तो सूनबाईंनी एका वाक्यात मोडला: ‘‘बारा तास गाडीतच बसायचं असेल, तर गाडी दारातच उभी करून बसू, टोल तरी वाचेल.’’

मग त्याच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप गट मदतीला धावला. मराठी माणसाला विचारलेला प्रवासविषयक सल्ला हा एक स्वतंत्र छळ आहे. एकानं सांगितलं, व्हर्माँटला जा. दुसऱ्यानं सांगितलं, चुकूनही व्हर्माँटला जाऊ नका. तिसऱ्यानं स्वतःचे २०१६ चे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘असे रंग नंतर झालेच नाहीत.’ चौथ्यानं विचारलं, तिथे मिसळ मिळते का.

शेवटी एका मोटेलात दोन रात्री मिळाल्या. एकच रात्र द्यायला मालक तयार नव्हता. भाडं रात्रीला २८९ डॉलर. मी मनात ८४ नं गुणलं. तिथे गेल्यावर कशालाही ८४ नं गुणू नकोस, अशी मुलानं विमानतळावरच शपथ घातली होती. पण गुणाकार हा काही ठरवून करायचा प्रकार नाही, तो ढेकरेसारखा येतो. दोन रात्रींचे साडेअठ्ठेचाळीस हजार, कर वेगळा. एवढ्यात आमच्या गल्लीत दोन सत्यनारायण आणि एक बारसं होतं.

शुक्रवारी दुपारी दोनला निघालो. हार्टफर्डच्या पुढे कनेटिकट नदीच्या कडेकडेनं व्हर्माँट लागतं. डोंगर मोकळे दिसावेत म्हणून त्या राज्यानं रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक लावायला १९६८ सालीच बंदी घातली. आम्ही तिथून रात्री नऊला गेलो. अंधार अतिशय मोकळा दिसला.

शनिवार उजाडला, १२ ऑक्टोबर. दसरा. हिनं मोटेलच्या टेबलावर गाडीची किल्ली, मुलाचा लॅपटॉप आणि माझी पीकपाहणीची वही मांडून, हळद-कुंकू वाहून शस्त्रपूजा उरकली आणि आम्ही बाहेर पडलो.

आधी फ्रॅंकोनिया नॉच. इथल्या कड्यावर ग्रॅनाइटच्या थरांचा मिळून माणसाचा चेहरा झाला होता: कपाळ, नाक, हनुवटी, सगळं बाजूनं दिसणारं. ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’, म्हणजे डोंगरबाबा. राज्याच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर तोच, गाड्यांच्या नंबरप्लेटवर तोच, २००० साली निघालेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर तोच. मी उत्साहानं मान वर केली.

‘‘कुठाय?’’

‘‘पडला,’’ चिरंजीव म्हणाले. ‘‘३ मे २००३ ला.’’

‘‘अरे, मग आपण बघायला काय आलोय?’’

‘‘तो जिथे होता ती जागा.’’

परवा नव्हे, चक्क एकवीस वर्षं आधी यायला हवं होतं. पण या लोकांची चिकाटी बघा. तळ्याकाठी त्यांनी लोखंडाचे तिरपे खांब रोवलेत आणि प्रत्येकाच्या टोकाला उंचवटे कोरलेत. आपापल्या उंचीच्या खुणेवर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि खांबाचं टोक वरच्या कड्याला बरोबर भिडवायचं. की ते उंचवटे जाऊन कड्याला चिकटतात आणि पडलेला बाबा पुन्हा दिसतो. माझी उंची पाच फूट चार इंच. मी खुणेवर उभा राहिलो, उजवा डोळा मिटला, मग डावा मिटला, मग गोंधळून दोन्ही मिटले. मागे रांग वाढत होती. तेवढ्यात ही शेजारच्या खुणेवर जाऊन म्हणाली, ‘‘अगबाई! नाक अगदी तुमच्या काकांसारखं.’’ नसलेला माणूस हिला पाच सेकंदांत दिसला. मला दिसला तो खांब.

तिथून कांकामागस हायवे. हे नाव सतराव्या शतकातल्या पेनाकूक लोकांच्या एका सरदाराचं. हिनं त्याचं पहिल्याच उच्चारात ‘कांगावा हायवे’ केलं आणि दिवसभर तेच चाललं. लिंकनपासून कॉनवेपर्यंत ५५ किलोमीटर, १९५९ मध्ये सलग सुरू झालेला रस्ता, वाटेत एकही पेट्रोल पंप नाही. घाटमाथा २,८५५ फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा दीड हजार फुटांनी ठेंगणा. पण गर्दी? रविवारी संध्याकाळी खंबाटकी बघितलाय? तोच, फक्त हॉर्न काढून टाकलेला. शेकडो गाड्या, आणि चिडीचूप. या पानंबघ्यांना तिथे ‘लीफ पीपर्स’ म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना स्थानिकांच्या चेहऱ्यावर कासच्या गावकऱ्याचा भाव येतो.

गाडी वीस मिनिटं एका जागी उभी राहिली तेव्हा ही दार उघडून सरळ खाली उतरली. सुनेला वाटलं, मळमळतंय. पण हिनं पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय. रस्त्याकडेचं मेपलचं एक पान उचलून ती परत आली आणि मागच्या सीटवर तास सुरू झाला.

‘‘दिवस लहान झाले, गारठा पडला की झाड हरितद्रव्य बनवायचं थांबवतं. आहे ते विरत जातं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. तो आता उघडा पडतो. लाल मात्र आधी नसतो. तो झाड आत्ता, पान टाकायच्या बेतात असताना, नव्यानं तयार करतं. त्याला स्वच्छ ऊन लागतं आणि थंड रात्री. हे बघा.’’

पान तळहाताएवढं होतं, रक्तासारखं लाल. पण मधोमध एक पिवळट डाग, आणि त्या डागाला टोकं होती. नीट बघितलं तर तो डाग म्हणजे दुसऱ्या एका मेपलच्या पानाचा आकार होता. फांदीवर असताना याच्या अंगावर दुसरं पान टेकलेलं असणार. जिथे ऊन पोचलं तिथे लाल झालं, जिथे सावली होती तिथे पिवळं राहिलं. हुबेहूब छाप, देठासकट. इतक्या लांब येऊन मला खरोखर काही दिसलं असेल तर ते हे, आणि ते गाडीच्या आत दिसलं.

‘‘आपल्याकडे कुसुंबाची पानं लालभडक असतात की,’’ मी म्हणालो.

‘‘ती मार्चमध्ये, कोवळी असताना. कुसुंब जन्मताना लाल होतो, मेपल जाताना. तुमचं नेहमी टोक उलटं.’’

घाटमाथ्यावर वारा सुटला होता आणि निम्मी झाडं खराट्यासारखी उभी होती. मी वही काढली. पैसेवारी पन्नासच्या आत म्हणजे आमच्या खात्यात दुष्काळ. माथ्याला मी चाळीस दिले. शेजारी तिपाईवर कॅमेरा लावून एक म्हातारा गृहस्थ उभे होते. त्यांनी आमच्याकडे न बघताच सांगितलं, की गुरुवारी इथे असायला हवं होतं.

मी त्यांना नमस्कार केला. परदेशात इतकं घरच्यासारखं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

खाली कॉनवेच्या बाजूला मात्र डोंगर भरलेला होता. बर्चचा हळदी पिवळा, मेपलचा शेंदरी, मधे पाइनचे काळपट हिरवे सुळके. नव्वद पैसे. पंच्याण्णवही दिले असते, पण गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ऊन गेलं.

हिला अजून एक काम उरकायचं होतं. आपट्याची पानं कुठून आणणार? तिनं खाली पडलेली बर्चची पिवळीधमक पानं ओंजळभर वेचली आणि वाहनतळावर वाटायला लागली. मला, मुलाला, सुनेला, आणि मग ओळख ना पाळख अशा बॉस्टनच्या एका आजीबाईंना. सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा. सुनेनं इंग्रजीत समजावून सांगितलं. आजीबाईंनी पान पर्समध्ये जपून ठेवलं आणि त्याच पर्समधून एक ओटची वडी काढून हिच्या हातावर ठेवली.

परतताना रस्त्यालगतच्या एका शेतावर सफरचंदाच्या रसातले गरम डोनट मिळाले, दालचिनी-साखरेत घोळवलेले. बालुशाहीला भोक पाडलं तर जवळपास पोचेल. रांग चाळीस मिनिटांची. शेजारी मेपलचं सिरप होतं. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक उतरतो, असं विकणारा सांगत होता. हिनं बोट बुडवून चाटलं आणि निकाल दिला, ‘‘काकवी.’’ गुऱ्हाळाच्या मुलखातली बाई आहे ती. मी ८४ नं गुणलं आणि बाटली जागेवर ठेवली.

रविवारी रात्री एडिसनला पोचलो. दारातलं मेपल हिरवंगार होतं. नकाशात आमच्या जिल्ह्याला अजून ‘काही नाही’ होतं.

दिवाळीच्या आठवड्यात तेच झाड पेटलं. इतकं, की दिवाणखान्याच्या भिंतीवर दुपारी तांबूस उजेड पडायचा. कुणी नकाशा बघितला नव्हता, कुठे खोली धरली नव्हती. आणि दोनच दिवसांत ते झडायला लागलं. ही उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायची, दहा मिनिटांत तिच्यावर पानं. मी दाताळं घेऊन अंगण ओढायचो आणि कागदी पिशव्या भरायचो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चौदावी पिशवी भरत होतो, तेव्हा फिरायला निघालेलं एक तेलुगू जोडपं फाटकाशी थांबलं. मुलाकडे आलेले असावेत, पायांत बूट नवे कोरे होते. गृहस्थांनी फोन काढला, झाडाकडे रोखला, पुन्हा खाली घेतला आणि बिचकत विचारलं, एक फोटो काढला तर चालेल का.

मी दाताळ्यावर रेललो. त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणालो, ‘‘परसों आना चाहिए था.’’